बोटे बधिर होतात. हिवाळी ट्रेकसाठी हातमोजे कोणते घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही नाशिकला राहता, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पतीसह उत्तराखंडातील केदारकांठ्याला जाणार आहात, आणि हिवाळ्यात सकाळी स्कूटरवरून कामाला निघालात की दहा मिनिटांत तुमची बोटे बधिर होतात, दोन बोटांची टोके तर पांढरी पडतात. दुकानात होते त्यांतले सर्वांत जाड हातमोजे आणूनही फरक पडला नाही, म्हणून शिखराच्या दिवसासाठी याहून महागाचे घ्यावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते महागाचे हातमोजे घेण्याची गरज बहुधा पडणार नाही. तुमच्याकडे जो एक जाड जोड आहे त्याच्या जागी तीन वेगवेगळे, एकावर एक घालता येतील असे जोड हवेत, आणि हातमोज्यांपेक्षा अधिक लक्ष धड, मान आणि मनगट यांच्याकडे द्यावे लागेल. गेली बावीस वर्षे मी हिवाळ्यात महाराष्ट्रातील गट हिमालयात घेऊन जात आहे. हातमोजे किमती होते म्हणून कोणाची बोटे उबदार राहिली, असे मी पाहिलेले नाही; ती राहिली ती कोरडी ठेवल्यामुळे आणि गार पडण्याआधी झाकल्यामुळे.

मुळात हाताला स्वतःची ऊब फार थोडी असते. बोटे वळवणारे बळकट स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात आणि बोटांपर्यंत पोहोचतात ते केवळ त्यांचे कंडरे. जिथे स्नायू नाहीत तिथे उष्णताही फारशी तयार होत नाही, त्यामुळे बोटांना मिळणारी जवळजवळ सगळी ऊब रक्ताबरोबर वरून येते. हे रक्त किती सोडायचे ते शरीर ठरवते. बोटांच्या टोकांत आणि तळहातात धमन्या व शिरा यांना थेट जोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या पुष्कळ असतात. उकाड्यात त्या उघडून शरीर जादा उष्णता बाहेर टाकते, आणि थंडीत, हृदय-फुफ्फुसांची ऊब टिकवायची म्हणून, त्याच आधी बंद करते. पाटाला पाणी कमी आले की टोकाकडच्या शेतकऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही, हे तुमच्या भागात वेगळे सांगायला नको. बोटे ही अशीच टोकाची शेती आहे. हातमोजा ऊब निर्माण करत नाही, असलेली फक्त राखतो. दुधाची गार किटली गोधडीत कितीही गुंडाळली तरी दूध तापत नाही. म्हणून हात गार पडू लागले की माझा पहिला प्रश्न हातमोज्यांविषयी नसतो. अंगात काय घातले आहे, मान उघडी आहे का आणि शेवटचे कधी खाल्ले, हे मी विचारतो.

स्कूटरवर तुमचे नेमके काय होते ते यावरून कळेल. पारा ८ अंशांवर असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने गेले तर उघड्या त्वचेला ती थंडी सुमारे ३ अंशांसारखी जाणवते, आणि निफाडकडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटवण्याची वेळ येते अशा पहाटे तर त्याहूनही कमी. त्यात स्वेटर विणीचा, त्यातून वारा आरपार जातो. हात पुढे ताणलेले असल्यामुळे बाही वर सरकते आणि हातमोजा व बाही यांच्यामध्ये मनगटाची चार बोटे जागा उघडी पडते. जिथे नाडी पाहतात तिथे धमनी त्वचेच्या अगदी जवळ असते, म्हणजे बोटांकडे निघालेले रक्त वाटेतच गार होते. उद्यापासून स्वेटरवर वारा अडवणारे साधे जाकीट घाला, गळ्याभोवती मफलर गुंडाळा, आणि जुन्या लोकरी पायमोज्यांचे पुढचे टोक कापून त्यांची नळी मनगटावर चढवा. हा उपाय फुकटाचा आहे म्हणून लोक त्याला किंमत देत नाहीत, पण मी स्वतः आजही अशीच नळी वापरतो.

आता दोन पांढऱ्या बोटांविषयी, कारण प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला ती वाटली. थंडीने हात गार पडणे आणि ठरावीक बोटे रेघ मारल्यासारख्या स्पष्ट सीमेपर्यंत पांढरीफटक होणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. बोटे आधी पांढरी, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लालबुंद होऊन ठणकत असतील, तर तो प्रकार फ्रेंच वैद्य मॉरिस रेनॉड यांनी १८६२ मध्ये वर्णन केलेला असू शकतो. तो स्त्रियांत अधिक आढळतो आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. मात्र तो तिशीनंतर नव्याने सुरू झाला असेल, एकाच हातात होत असेल किंवा बोटांच्या टोकांवर जखमा होत असतील, तर त्यामागे दुसरा आजार नाही ना हे पाहावे लागते. निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना हे सांगा, शक्य असेल तर पांढऱ्या बोटांचे छायाचित्र दाखवा, आणि हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासावे का, तेही विचारा. रक्तदाबावरची काही औषधे, विशेषतः बीटा-ब्लॉकर गटातील, आणि अर्धशिशीवरची काही औषधे हातपाय गार पाडतात. ती तुम्ही घेत असाल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांशी बोला. तंबाखू कोणत्याही रूपात असेल तर मात्र ती बंदच करावी, कारण निकोटिनमुळे याच वाहिन्या आकुंचन पावतात.

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर ट्रेक रद्द करण्याचे कारण नाही. फरक एवढाच की इतरांचे हात गार पडल्यावर झाकले तरी चालतात, तुमच्या बोटांतील वाहिन्या एकदा मिटल्या की लवकर उघडत नाहीत. म्हणून तुम्ही हात गरम असतानाच ते झाकायचे. अंगठ्या घरी काढून ठेवा, कारण बोट सुजले की अंगठी रक्त अडवते. हातभर काचेचा चुडा असेल तर हातमोज्याची मनगटपट्टी नीट बसत नाही आणि पडल्यावर काच लागण्याची भीती असते. घड्याळाचा पट्टा आणि काठीचा मनगटातील पट्टा, दोन्ही सैल ठेवा. हे सांगितले की काहींना गंमत वाटते, पण एका बाईंची केवळ डाव्या हाताची बोटे का बधिर होतात हे शोधण्यात आम्ही अर्धा दिवस घालवला होता. कारण निघाले ते घड्याळ.

तुमचे जाड हातमोजे अपुरे का पडले, याचे माझ्या अंदाजाने एक कारण असे की ते घट्ट आहेत. ऊब राखते ती आतली स्थिर हवा, कापड नव्हे; जाड अस्तरात बोटे कोंबली की हवाही जाते आणि रक्तही दबते. दुकानात हातमोजा घालून मूठ पूर्ण वळून पाहावी. बोटांच्या टोकांवर ताण आला तर एक माप मोठे घ्यावे. तुम्ही घ्यावयाच्या तीन जोडांपैकी पहिला पातळ, बोटांना लागून बसणारा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा, सुती नको, कारण सुती कापड घाम शोषून ओले राहते. दुसरा फ्लीसचा किंवा घट्ट विणीच्या लोकरीचा, थोडा सैल. तिसरा सर्वांत बाहेरचा, वारा आणि पाणी अडवणारा, लांब मनगटाचा, आणि तो पाच बोटांचा नसून मिटन, म्हणजे चार बोटांना एकच कप्पा आणि अंगठा वेगळा असलेला. भाकऱ्या सुट्या ठेवल्या की लगेच गार होतात आणि चवड करून फडक्यात बांधल्या की दुपारपर्यंत ऊब धरतात. बोटांचेही तसेच आहे. मिटनमध्ये बारीक कामे होत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण तुमच्या बोटांचा स्वभाव पाहता मी मिटनच सुचवीन. सांक्री या पायथ्याच्या गावी हातमोजे भाड्याने मिळतात. बाहेरचा जोड तिथे घ्यायला हरकत नाही, मात्र आत हात घालून अस्तर कोरडे आहे का ते पाहून घ्या. आतले दोन जोड स्वतःचेच न्या, आणि पातळ जोड दोन न्या.

दोन कशासाठी, तर ओलाव्यासाठी, आणि या विषयावर मी जरा जास्तच बोलतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओला जाड हातमोजा कोरड्या पातळ हातमोज्यापेक्षा वाईट. केदारकांठ्याच्या वाटेवर बहुतेकांचे हातमोजे शिखरावर भिजत नाहीत, ते पहिल्याच दिवशी जुडा का तालाब या तळ्याच्या आसपास, बर्फ पहिल्यांदा हाताला लागते तेव्हा भिजतात. आयुष्यात प्रथमच बर्फ पाहणाऱ्या माणसाला बर्फाचे गोळे करू नका असे सांगणे निर्दयपणाचे आहे, मी ते सांगणे केव्हाच सोडून दिले. एका वर्षी पुण्याच्या एका गटाने दुपारभर लोकरी हातमोज्यांनी गोळाफेक केली, संध्याकाळी ते हातमोजे तंबूच्या दोरीवर वाळत घातले, आणि सकाळी ते लाकडाच्या पट्ट्यांसारखे ताठ होऊन लटकत होते. तेव्हापासून मी एवढेच सांगतो की खेळायचे ते बाहेरचा मिटन घालून, किंवा सरळ उघड्या हातांनी पाच मिनिटे, आणि मग हात पुसून कोरडे करून लगेच हातमोज्यांत. ओले झालेले पातळ जोड शेकोटीवर धरू नयेत, कृत्रिम धागा आकसतो किंवा वितळतो. ते पिळून जाकिटाच्या आत पोटाशी ठेवावेत आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावेत. सकाळपर्यंत अंगाच्या उबेने ते वापरण्याजोगे होतात.

घाम हा दुसरा ओलावा, आणि तो लक्षात येत नाही. चढावर अंग तापते, हातमोज्यांच्या आत घाम येतो, मग विश्रांतीला थांबताच तोच घाम बोटे गारठवतो. म्हणून चालताना अंगातील एक थर आधीच कमी करावा, हातांत केवळ पातळ जोड ठेवावा, आणि थांबण्याची जागा दिसू लागली की, थांबण्यापूर्वीच, बाहेरचा मिटन चढवावा. याच्या उलट क्रम बहुतेक जण पाळतात.

हातमोजे काढल्यामुळे काय होऊ शकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अन्नपूर्णेवरचे आहे. ३ जून १९५० रोजी मॉरिस हर्झॉग आणि लुई लाशनाल यांनी ८,०९१ मीटर उंचीचे ते शिखर गाठले. आठ हजार मीटरवरील शिखरावर माणसाने पाय ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती. उतरताना सॅकमधून काही काढण्यासाठी हर्झॉग यांनी हातमोजे उतरवले आणि ते उतारावरून घरंगळत गेले. त्यांच्या सॅकमध्ये जादा पायमोजे होते, ते हातांत घालता आले असते, पण विरळ हवेत आणि थकव्यात ते सुचले नाही. पुढे हिमदंशामुळे त्यांच्या हातापायांची बोटे कापावी लागली. केदारकांठा सुमारे १२,५०० फुटांचा, त्याची अन्नपूर्णेशी तुलना होत नाही. परंतु वाऱ्याच्या एका झोतात हातमोजा दरीत जाणे ही गोष्ट तिथेही दर हंगामात घडते. लहान मुलांच्या हातमोज्यांना असते तशी दोरी बाहेरच्या मिटनला शिवून ती बाहीतून मनगटाला अडकवा, आणि जादा लोकरी पायमोज्यांचा एक जोड सॅकच्या वरच्या खणात, सहज हाती येईल असा ठेवा.

शिखराच्या दिवसाचे वेगळे सांगितले पाहिजे. सूर्योदय वर पाहायचा म्हणून पहाटे तीनच्या सुमारास निघतात, म्हणजे रात्रीच्या सर्वांत गार वेळी. उंचीप्रमाणे दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते; सांक्री सुमारे ६,४०० फुटांवर आहे, म्हणजे गावात २ अंश असतील तेव्हा माथ्यावर उणे १० च्या आसपास धरून चालावे. उणे १० मध्ये ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखे लागते. त्या पहाटे भूक नसली तरी पोटभर खाऊन निघा. शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, खजूर असे काहीतरी बाहेरच्या खिशात ठेवा आणि तासातासाने तोंडात टाका, कारण शरीराला जळण मिळाले नाही तर टोकाच्या शेतीला पाणी सुटणार नाही. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका. तंबूत बसूनच बूट, गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचे आवरण), डोक्यावरचा दिवा हे सर्व उरकून घ्या, आणि हात गरम असतानाच हातमोजे चढवा. चालायला लागल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे बोटे दुखतील, ते अपेक्षितच आहे. रांगेत उभे राहण्याची वेळ आली तर हात सरळ ठेवून खांद्यातून मोठ्या वर्तुळात, गोफण फिरवावी तसा, वीस-पंचवीस वेळा फिरवा. त्या गतीने रक्त बोटांच्या टोकांकडे लोटले जाते. तेवढ्याने भागले नाही तर हातमोजे काढून हात स्वतःच्या काखेत धरा.

चेन ओढणे, मोबाइल काढणे, बाटलीचे झाकण फिरवणे, अशा क्षुल्लक कामांसाठी हातमोजे निघतात. प्रत्येक चेनला बोटभर लांबीचा नाड्याचा फास बांधा, तो मिटन घालून ओढता येतो. मोबाइल आतल्या खिशात ठेवा. तिथे त्याची बॅटरीही टिकते.

गरम पुड्यांविषयी तुम्ही विचारले नसले तरी दुकानदार त्या सुचवतील. त्यांत लोखंडाची भुकटी, कोळसा आणि मीठ असते. हवा लागली की लोखंड गंजते आणि त्या क्रियेत ऊब निघते. म्हणजे तिला प्राणवायू हवा, त्यामुळे विरळ हवेत आणि घट्ट बंद हातमोज्यात ती मंदावते. निघण्यापूर्वी अर्धा तास उघडून, हलवून, खिशात ठेवावी. तुमच्यासाठी चार पुड्या जवळ असाव्यात असे मला वाटते, मात्र त्या थेट त्वचेला लावू नका, कारण बधिर बोटाला भाजलेले कळत नाही. काश्मीरमधील लोक फेरनच्या, म्हणजे सैल लांब झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचे लहान भांडे, बाळगतात, ती पिढ्यान्‌पिढ्यांची सोय आहे, पण वर्षानुवर्षे त्वचेला मिळणाऱ्या त्या धगीमुळे पोटावर व मांड्यांवर कर्करोग झाल्याची नोंद वैद्यकात आहे. तंबूत निखारे किंवा पेटता स्टोव्ह ठेवणे तर पूर्णपणे वर्ज्य, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. रात्रीसाठी गरम पाण्याची बाटली पायमोज्यात घालून कुशीत घेणे सर्वांत निर्धोक. मोहरीचे तेल किंवा व्हॅसलीन चोळल्याने त्वचा फुटत नाही इतकेच, त्याने थंडी अडत नाही. आणि दारूने हात गरम वाटतात ते अंगातील ऊब बाहेर पडते म्हणून. तो हिशेब पहाटे चुकवावा लागतो.

बोटे दुखत आहेत तोवर फार चिंता नाही. दुखणे थांबून ती बधिर झाली, तर तिथेच थांबून वाटाड्याला सांगावे, ‘थोडे पुढे गेल्यावर पाहू’ म्हणू नये. काखेत धरून दहा मिनिटांत संवेदना परत आली आणि मुंग्या, ठणका सुरू झाला, तर संकट टळले असे समजा. तरीही बोट मेणासारखे पांढरट आणि कडक राहिले तर तो हिमदंश असू शकतो. मग शिखराचा विचार सोडून खाली यावे. अशा बोटाला चोळू नये, आणि बर्फाने चोळावे हा जुना समज तर घातक आहे. आगीवरही धरू नये. पुन्हा गोठण्याची शक्यता उरलेली नाही अशा ठिकाणी पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे निरोगी माणसाच्या कोपराला कोमट लागेल अशा, पाण्यात बोटे बुडवून ठेवावीत आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या बोटाची हानी पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. परत आल्यावर दोन-चार दिवसांत बोटांवर लाल, खाजणारे फुगवटे आले तर तो हिमदंश नव्हे; गार आणि दमट हवेने होणारा तो त्रास बहुधा आपोआप बरा होतो.

तुमचे पती छायाचित्रे काढणार असतील तर तिकाटण्याच्या धातूच्या पायांवर फोमची पट्टी गुंडाळायला त्यांना सांगा, आणि त्यांच्या हातांत पातळ जोड सतत असू द्या. उघड्या बोटांनी कॅमेरा धरणारे लोक माझ्या अनुभवात सर्वांत आधी कुरकुरतात आणि सर्वांत शेवटी ऐकतात.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात एका पहाटे घराच्या गच्चीवर जा, तिन्ही थर चढवा आणि दिवा न लावता एकेक काम करून पाहा: जाकिटाची चेन, डोक्यावरच्या दिव्याचे बटण, बाटलीचे झाकण, काठीचा पट्टा, बुटांखालच्या साखळीच्या काट्यांचे रबर. जे काम मिटन घालून जमणार नाही त्याला नाड्याचा फास लावा, आणि फास लावूनही जमत नसेल तर ते तंबूतून बाहेर पडण्यापूर्वी उरकायच्या कामांत लिहून ठेवा.